आजी कशी होती हे लिहू नकोस

प्रिय मुली,

तुझा मसुदा वाचला. लेख आजीवरचा आहे, पण त्यात आजी सापडेना. प्रेमळ, कष्टाळू, उपक्रमशील, हाडाची शिक्षिका. एकेक शब्द खरा असेल, पण हाच परिच्छेद कुठल्याही बाईंच्या निरोप समारंभात जसाच्या तसा वाचता येईल. मसुद्याखाली तू ज्या चार ओळी खरडल्यास, त्या वाचून मी हे पत्र लिहायला बसले. शोकसभेत विद्यार्थी सांगत होते की बाई वर्गात वाघ व्हायच्या, टेबलावर चढून गोष्ट सांगायच्या. तू पाहिलीस ती मात्र संध्याकाळी दमून गप्प बसलेली आजी. ‘मग खरी कोणती? आणि चांगली होती ती त्यांच्याच वाट्याला गेली का?’ असं विचारतेस.

या प्रश्नाच्या मागे लागू नकोस. ती काय करायची ते लिही.

माझी आजीही शिक्षिका होती, पहिली-दुसरीची. दशक-एकक शिकवायला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे सगळेच शिक्षक करतात. आजीच्या गठ्ठ्याला रबर नसायचं. रबर सोडवताना मुलाचं लक्ष रबराकडे जातं, असं तिचं म्हणणं. ती लोकरीच्या धाग्याची सरकगाठ मारायची, सहा वर्षांच्या बोटांना एका ओढीत सुटेल अशी. बत्तिसातून सतरा वजा करायचे. दोनातून सात जात नाहीत. मूल अडायचं. आजी हात पाठीमागे बांधून उभी, एक शब्द नाही. शेवटी मूल गठ्ठ्याकडे बघायचं, धागा ओढायचं, काड्या पसरायच्या आणि दोनाच्या बारा व्हायच्या. त्यानंतरच ती फळ्यावर तिनाला काट मारून वर दोन लिहायची. दशक सुटा करणं म्हणजे काय, ते आधी हाताला कळायचं.

आता सांग, या गाठीशेजारी ‘प्रेमळ’ लिहायची गरज आहे का?

तिच्या टाचणवह्या माझ्या हाती लागण्याआधीच रद्दीत गेल्या. उद्या काय शिकवायचं, त्यासाठी काय गोळा करायचं, हे सगळं तिच्या अक्षरात होतं. ती हळहळ अजून जात नाही. म्हणूनच स्मरणपुस्तिका काढायची ठरली तेव्हा मी अडून बसले. नातेवाईक म्हणाले, लोकरीच्या गाठीत कुणाला रस आहे? त्यांना ‘ज्ञानदानाचे पवित्र कार्य’ हवं होतं. मी गाठ ठेवली. तिला राग आवरायचा नाही आणि एकदा तिने एका मुलाच्या वहीचं पान फाडलं होतं, हेही ठेवलं. घरातले काहीजण त्यावरून बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हते. आजही मी तेच करेन. कारण त्याच मुलाने, आता चांगला मोठा बाप्या आहे तो, मला सांगितलं की दुसऱ्या दिवशी बाईंनी ते पान डिंकाने जोडून आणलं आणि चुकलेल्या गणितातल्या बरोबर पायऱ्यांपुढे खुणा करून दिल्या. फाडलेलं गाळलं असतं, तर जोडलेलं कुठून आणलं असतं? मला हट्टी म्हणतात, म्हणोत.

बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांचंच बघ. त्यांचा नूतन बाल शिक्षण संघ १९२६ साली निघाला, पद्मभूषण १९६२ साली मिळालं, हे कुठल्याही कोशात सापडेल. पण मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची, ही पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या कुरणशाळेची हकिगत ऐकली की बाई डोळ्यांसमोर उभ्या राहतात. त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी ते काम पुढे नेलं आणि लिहूनही ठेवलं. काय केलं ते लिहिलं.

आणि लवकर कर. गोष्ट पुन्हा पुन्हा आठवून सांगताना माणूस त्यातलं वेगळं, अनोळखी असेल ते गाळतो आणि बाकीचं ओळखीच्या साच्यात बसवतो, हे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच मांडलं आहे. गाठ गळते, ‘बाई छान शिकवायच्या’ एवढं उरतं. म्हणून विद्यार्थ्यांना एकत्र बसवू नकोस. एकाने सुरुवात केली की बाकीचे त्याचीच री ओढतात. एकेकट्याला भेट. ‘बाई कशा होत्या?’ असं तर विचारूच नकोस! वर्गात शिरल्यावर आधी काय करायच्या? उत्तर चुकलं की काय म्हणायच्या? वाघाचा आवाज कसा काढायच्या, काढून दाखव. मग तू गप्प राहा आणि रेकॉर्डिंग दोन ठिकाणी साठव. जुन्या फोटोंच्या पाठीवर नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नकोस, आहेत तसेच आधी मोबाइलवर टिपून घे.

राहिली घरातली आजी. तिच्याबद्दल तुझ्याशिवाय कोण लिहिणार? गप्प बसायची म्हणजे काय करायची? डोळे मिटलेले असायचे की उघडे? तू जवळ गेलीस की सरकून जागा द्यायची का? दिवसभर वाघ झालेल्या बाईचा घसा संध्याकाळी बसत असणार, असं मला वाटतं. पण माझं वाटणं लेखात घालू नकोस. तू पाहिलंस ते घाल, विद्यार्थ्यांनी पाहिलं ते घाल, आणि दोन्हींची सांगड जुळली नाही तर तशीच राहू दे. कुणाच्या वाट्याला कोणती आजी आली, हा हिशेब मला पुन्हा ऐकवू नकोस, बाळा. तो मांडत बसलीस तर लेख तुझ्यावरचा होईल.

सगळी विशेषणं काढून मसुदा परत पाठव, दोनच परिच्छेद उरले तरी चालतील. आणि शाळेतल्या जुन्या शिपाईकाकांचा ठावठिकाणा लागतो का बघ. मुलं वर्ष संपलं की वर्ग सोडून जातात, पण त्यांनी तिला दाराबाहेरून वर्षानुवर्षं शिकवताना पाहिलंय.