दोन टेबलांचा जॉइन, पण कॉलम एकाच टेबलाचे

प्रिय विद्यार्थिनी,

तुमचे पत्र मिळाले. तुम्ही डोंबिवलीला राहता, बी.एस्सी. आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि ऐरोलीतील एका कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी झालेल्या मुलाखतीत एसक्यूएलच्या (डेटाबेसमधून माहिती मागवण्याच्या भाषेच्या) एका प्रश्नावर अडलात. ‘ग्राहक’ आणि ‘ऑर्डर’ अशी दोन टेबले देऊन, ज्यांनी ऑर्डर दिली आहे अशाच ग्राहकांची माहिती दाखवा, ऑर्डरचा एकही कॉलम नको, असे तुम्हाला सांगितले होते. तुम्ही दोन्ही टेबले जोडून, म्हणजे जॉइन करून, ‘सिलेक्ट स्टार’ (सगळे कॉलम दाखवा) लिहिले आणि दोन्ही टेबलांचे सगळे कॉलम आले; दुसऱ्या प्रयत्नात एरर आला. आता दादरच्या एका क्लासचा महागडा डेटा सायन्स कोर्स करावा का, त्यासाठी बाबा कर्ज काढायलाही तयार आहेत, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते या घडीला तो करू नये. जे अडले ते एवढे मोठे नाही.

टेबलाला जॉइनमध्ये छोटे टोपणनाव द्यावे, समजा ग्राहकांना ‘ग’ आणि ऑर्डरना ‘ऑ’, आणि नुसत्या स्टारऐवजी ‘ग.*’ लिहावे, म्हणजे फक्त ग्राहकांचे कॉलम येतात. नोकरीच्या ठिकाणी मात्र ‘ग.नाव, ग.शहर’ असे हवे तेवढेच कॉलम नावानिशी लिहिणे श्रेयस्कर, कारण उद्या कोणी त्या टेबलात मोबाइल नंबरचा कॉलम वाढवला तर ‘ग.*’ तोही मुकाट्याने रिपोर्टमध्ये आणून ठेवते. दोन्ही टेबलांत ‘ग्राहक_क्रमांक’ आहे आणि तुम्ही पुढे टोपणनाव न लावता, ‘ऑन’ने (जोडण्याची अट लिहून) जॉइन करून, तो मागितलात, तर दोन्हीकडचा क्रमांक एकच असूनही डेटाबेस ‘कॉलम संदिग्ध आहे’ असा एरर देतो. तुमचा दुसरा प्रयत्न तिथेच फसला असावा.

मात्र मुलाखत घेणाऱ्याला बहुधा यापुढचे ऐकायचे असते. कॉलम कमी केले म्हणून ओळी कमी होत नाहीत. एका ग्राहकाने तीन ऑर्डर दिल्या असतील तर जॉइननंतर त्याचे नाव तीनदा येते, आणि ऑर्डरचे कॉलम लपवल्यामुळे ते तीनदा का आले हेही दिसेनासे होते. अशा वेळी बरेच विद्यार्थी ‘डिस्टिंक्ट’ (सारख्या ओळी गाळणारा शब्द) लावून मोकळे होतात. उत्तर बरोबर दिसते, पण आधी ओळी फुगवायच्या आणि मग गाळायच्या, हा उलटा कारभार आहे, शिवाय चुकीचा जॉइन त्याखाली झाकला जातो. दुसऱ्या टेबलातून काहीच दाखवायचे नसेल, तर जॉइनऐवजी ‘व्हेअर एक्झिस्ट्स’ वापरावे. ‘या ग्राहकाची एक तरी ऑर्डर आहे का’ एवढेच ते विचारते, त्यामुळे ग्राहक एकदाच येतो.

पुढचा प्रश्न हमखास ‘ऑर्डर न दिलेले ग्राहक’ हा असतो. तिथे ‘नॉट एक्झिस्ट्स’ लिहावे, किंवा लेफ्ट जॉइन (ऑर्डर नसलेले ग्राहकही ठेवणारा जॉइन) करून ऑर्डरचा क्रमांक ‘इज नल’, म्हणजे रिकामा, आहे का ते पाहावे. ‘नॉट इन’ (यादीत नसलेले) शक्यतो टाळावे, कारण आतल्या यादीत एक जरी नल आला तर निकालात एकही ओळ येत नाही, आणि एररही येत नसल्याने चूक पटकन लक्षातही येत नाही.

हे शिकायला फी लागत नाही. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवरही चालते. पाच ग्राहक आणि आठ ऑर्डर स्वतः टाइप करा, एका ग्राहकाला मुद्दाम एकही ऑर्डर देऊ नका, एका ऑर्डरचा ग्राहक क्रमांक रिकामा (नल) ठेवा, आणि प्रत्येक क्वेरी (एसक्यूएलमध्ये लिहिलेली विचारणा) चालवण्यापूर्वी किती ओळी येतील ते वहीत लिहा. आकडा चुकला तर क्वेरी बदलण्याआधी कारण शोधा. अंदाज सातत्याने बरोबर येऊ लागले की पुन्हा अर्ज करायला सुरुवात करा. कोर्सचा विचार त्यानंतर, तोही नोकरीच्या जाहिरातींत पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) किंवा पॉवर बीआय (रिपोर्ट बनवण्याचे साधन) वारंवार मागितलेले दिसले, तरच करावा.