२० लाखांची तीन अक्षरं आणि न भरलेले साडेचौदा हजार

चिंचवडहून एका वाचकाचा मेल आलाय. वय ३७, आयटीत नोकरी, बायको, चार वर्षांची मुलगी, फ्लॅटचं ४१ लाखांचं लोन बाकी. गेली चार वर्षं डोमेन (म्हणजे वेबसाइटची नावं) घेऊन विकायचा नाद आहे ('साइड इन्कम' म्हणतात ते, इन्कमवर येऊच). आता एक तीन अक्षरी डॉट कॉम २० लाखांत मिळतंय, बँक होम लोनवर ९ टक्क्यांनी टॉप-अप (त्याच लोनवर वाढीव कर्ज) द्यायला तयार आहे, तर घेऊ का, एवढाच प्रश्न. सोबत सध्याच्या १८६ डोमेनची यादी जोडलीय.

उत्तर आधीच देऊन टाकते. नाही.

पण खरं सांगू का, माझं लक्ष या प्रश्नावर नव्हतंच. मेलच्या अगदी शेवटी, जाता जाता टाकल्यासारखं एक वाक्य आहे: "या वर्षी रिन्यूअल सगळी जूनमध्येच आली म्हणून टर्म प्लॅनचा हप्ता राहिला, पुढच्या वर्षी बघू, तसंही त्यातून परत काही मिळत नाही. साडूंकडून घेतलेली पॉलिसी चालू आहे." (रिन्यूअल म्हणजे डोमेनची वर्षाची फी, टर्म प्लॅन म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा.) या वाक्याच्या दोन ओळी आधी लिहिलंय की ऑफिसच्या चेकअपमध्ये शुगर बॉर्डरला आली. हे सगळं एकाच परिच्छेदात, आणि तुम्ही विचारताय डोमेनचं!

बरं, आधी डोमेनचं, म्हणजे ते डोक्यातून जाईल.

तीन अक्षरी डॉट कॉम जगात १७,५७६ आहेत, २६ गुणिले २६ गुणिले २६, सगळी कधीच संपलीत आणि नवीन होणार नाहीत, म्हणून 'जमिनीसारखं आहे, वाढणारच' हे वाक्य या धंद्यात सगळेच ऐकवतात, तुम्हीही मला ऐकवलंत. सातबारा दरवर्षी रिन्यू करावा लागत नाही हो. डोमेन कायमचं विकत मिळत नाही, ते ठराविक वर्षांच्या मुदतीवर मिळतं, आणि डॉट कॉमचा घाऊक दर, जो सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ डॉलर झाला, तो करारानुसार दर सहा वर्षांतली चार वर्षं ७ टक्क्यांपर्यंत वाढवायची व्हेरिसाइनला (डॉट कॉम चालवणारी कंपनी) मुभा आहे. वर आपला रुपया. भाडं येत नाही, व्याज येत नाही, दरवर्षी फक्त जातं.

हा धंदा नीट करणारी माणसं मी जवळून बघितलीत. माझा एक क्लायंट नाशिकचा आहे, जुना माणूस यातला. मुदत संपलेल्या नावांच्या लिलावात बसायच्या आधी तो कागदावर एक आकडा लिहितो, बोली त्याच्यावर एक डॉलर गेली की लॅपटॉप बंद, मग ते नाव कितीही गोड असो. चौकशीचा मेल आला की दोन-तीन दिवस उत्तरच देत नाही, पहिली किंमत स्वतः बोलत नाही, पहिल्या ऑफरला बहुतेक नाही म्हणतो. आणि मुख्य म्हणजे दर महिन्याला रिन्यूअलची यादी घेऊन बसतो आणि निम्मी नावं सोडून देतो, आपणच हौसेने घेतलेली. त्याला विचारलं वाईट नाही वाटत का, तर म्हणाला ताई, भाजीवाला संध्याकाळी कोथिंबीर टाकतो तेव्हा रडतो का?

दुसरी गोष्ट, छोट्या नावांना दोन भाव असतात. एक कंपनी गरजेपोटी देते तो, आणि एक डोमेनवाले आपापसात देतात तो. पैशाची नड आली की दुसरा भाव मिळतो, तो पहिल्याच्या जवळपासही नसतो. म्हणून यातली टिकलेली माणसं नड नसलेली असतात. 'वर्षाला शंभरातली एक-दोन नावं विकली जातात' हा धंद्यातला ढोबळ हिशोब. तुमच्याकडे १८६, चार वर्षांत विकली गेली तीन, म्हणजे वर्षाला अर्धा टक्काही नाही. तीन मिळून आले १ लाख ९० हजार. रिन्यूअलला गेले ७ लाख, खरेदीचे वेगळे. साइड इन्कम!

तुमच्या यादीत स्वर नसलेली चार अक्षरी अकरा नावं आहेत, त्यांची गंमत माहितीये का? २०१५ च्या जूनमध्ये चीनचा शेअर बाजार आपटला, तिथला बराच पैसा डोमेनमध्ये शिरला. पिनयिनमधल्या (चिनी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायची पद्धत) आद्याक्षरांच्या हिशोबाने त्यांना ए, ई, आय, ओ, यू आणि व्ही नको होते, उरलेल्या २० अक्षरांची चार अक्षरी नावं १,६०,००० होतात, ती अक्षरशः नाण्यांसारखी फिरली. आकड्यांच्या नावांत ८ असला की भाव जास्त, ४ असला की कमी कारण त्याचा उच्चार मृत्यूसारखा. वेबसाइट कुणालाच काढायची नव्हती. काही महिन्यांत भाव अनेक पट झाले, २०१६ मध्ये खाली आले, आणि आले तेव्हा सगळे एकदमच विकायला आले कारण सगळ्यांनी घेतलं होतं एकाच कारणासाठी, दुसरा कुणीतरी जास्त देईल म्हणून. तुमची अकरा नावं त्या वरातीतली आहेत, आणि वरात कधीच पुढे गेली.

तुम्ही मोठ्या सौद्यांची उदाहरणं दिलीत, एफबी डॉट कॉम ८५ लाख डॉलर, झेड डॉट कॉम ६८ लाख, ३६० डॉट कॉम १ कोटी ७० लाख. बरोबर आहेत. पण विकलं कुणी ते बघितलंत? एफबी विकलं २०१० मध्ये अमेरिकन फार्म ब्युरोने, शेतकऱ्यांची संघटना, ते त्यांचं स्वतःचं आद्याक्षर होतं. झेड निसानकडे होतं, त्यांची झेड गाडी आहे म्हणून. ३६० व्होडाफोनकडे. यातल्या एकानेही विकायचं म्हणून कर्ज काढून घेतलं नव्हतं. चॅट डॉट कॉम धर्मेश शहांनी २०२३ मध्ये १ कोटी ५५ लाख डॉलरला घेतलं आणि नंतर ते ओपनएआयकडे गेलं हेही खरं, पण तो हबस्पॉट या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचा सहसंस्थापक आहे, त्याने फ्लॅटवर टॉप-अप नाही घेतला.

आता तुमचा आकडा. २० लाख, ९ टक्के, पाच वर्षं थांबलात तर ते पैसे तुम्हाला पडतात साधारण ३१ लाखांना. विकताना मार्केटप्लेसने १५ टक्के घेतले तर ३६ लाखांना विकल्यावर तुम्ही शून्यावर येता. म्हणजे ८० टक्के वाढ होऊन हातात काही नाही, त्या पलीकडे जे मिळेल त्यावर टॅक्स. आणि तीन अक्षरांत क्यू आणि झेड दोन्ही असलेलं नाव कुठली कंपनी आपलं आद्याक्षर म्हणून शोधत येणारे, मला तरी सुचत नाही. अजून एक, विक्रेता म्हणतोय एस्क्रो (नाव हातात येईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे ठेवायची सोय) टाळला तर ५ टक्के कमी करतो. अहो, छोटी डोमेन चोरीला जातात, चोरीचं नाव विकणाऱ्याला एस्क्रोच नको असतो. त्याला फक्त 'एस्क्रोशिवाय नाही' एवढं लिहून बघा, रिप्लाय येतो का.

झालं डोमेनचं.

आता टर्म प्लॅन. १ कोटीचं कव्हर, हप्ता १४,५००. तो भरला नाही, आणि साडूंच्या पॉलिसीचे ७२,००० भरले, कारण ते परत मिळतात. त्या पॉलिसीत कव्हर किती? ७ लाख २० हजार. म्हणजे १ कोटी सोडून दिले आणि पाचपट पैसे देऊन ७ लाख ठेवले! साडूंना मार्चमध्ये टार्गेट होतं हे तुम्हीच लिहिलंय, मी वेगळं काय बोलू. या पॉलिशांत हिशोब मांडला तर पाच-साडेपाच टक्के सुटतात, आणि तुम्ही ९ टक्क्यांनी कर्ज काढायला निघालाय. 'परत काही मिळत नाही' म्हणे. गाडीच्या इन्शुरन्समधून काय परत मिळतं? हेल्मेटमधून?

मला सगळ्यात नवल याचं वाटलं की डोमेनची मुदत संपली की किती दिवस सवलत, मग दंड भरून सोडवायचे ३० दिवस, मग पाच दिवस आणि मग नाव मोकळं, हे तुम्ही मेलमध्ये तोंडपाठ लिहिलंय. स्वतःच्या पॉलिसीचं विचारलं तर? वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, ती जुलैतच संपली. आज तुमच्यावर ते १ कोटीचं कव्हर नाही. शून्य.

समजा, देव न करो, उद्या तुम्हाला काही झालं. ४१ लाखांचं लोन, टॉप-अप घेतलात तर ६१. वहिनींच्या हातात साडूंचे ७ लाख. आणि ती १८६ नावं? अकाउंट तुमच्या मेलवर, ओटीपी तुमच्या फोनवर, पैसे तुमच्या क्रेडिट कार्डावरून, नॉमिनी नावाची भानगड तिथे नाही, आणि वहिनींना यातलं काही माहीत नाही असं तुम्हीच म्हणता. कार्ड बंद झालं की एकेक नाव गळायला लागेल, आणि त्यातली बरी तीन-चार नावं लिलावात उचलायला तीच माणसं बसलेली असतील ज्यांच्यासारखं तुम्हाला व्हायचंय. त्यांचा दोष नाही, ते तेच करतात.

तर हे करा, याच आठवड्यात. विमा कंपनीला फोन करून टर्म प्लॅन रिवाइव्ह (बंद पडलेला पुन्हा चालू) करायचा अर्ज मागा. न भरलेल्या पहिल्या हप्त्यापासून पाच वर्षांपर्यंत ते करता येतं, पण आरोग्याचं डिक्लेरेशन द्यावं लागेल, कदाचित टेस्ट, थोडं व्याज. शुगरचं खरं लिहा, लपवू नका, कारण रिवाइव्ह केल्यावर कंपनीला माहिती तपासायची तीन वर्षांची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हप्ता थोडा वाढवतील, वाढवू देत. नवीन पॉलिसी घ्यायला गेलात तर ३७ चं वय आणि शुगर दोन्ही धरून दर लावतील, म्हणून आधी जुनीच बघा. आणि टॉप-अप न घेताही १ कोटी कमीच आहे, ४१ लाख लोनमध्ये गेल्यावर ५९ उरतात, त्यात मुलीची वीस वर्षं काढायची आहेत. पण ते नंतर, आधी जे होतं ते परत येऊ दे.

साडूंची पॉलिसी पेड-अप करा (पुढचे हप्ते बंद, पॉलिसी कमी रकमेवर चालू), पाचवा हप्ता गेलाय म्हणजे होईल, सरेंडरचा (पॉलिसी मोडली तर हातात येणारा) आकडाही लेखी मागून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. साडू रुसतील. दिवाळीपर्यंत निवळतात.

१८६ मधली दीडशे नावं या वर्षी सोडून द्या, अकरा चार अक्षरी मिळेल त्या भावाला काढा. उरलेल्यांचं रिन्यूअल ४५-५० हजारांत बसेल. वर्षाचे सुटलेले दोन लाख आधी कार्डाची बाकी असेल तर तिकडे, मग सहा महिन्यांच्या खर्चाएवढी एफडी होईपर्यंत तिकडे. आणि उरलेल्या नावांची यादी, कुठल्या कंपनीकडे आहेत, मेल कुठला, हे एका कागदावर लिहून वहिनींना द्या, सोबत नाशिकच्या माझ्या क्लायंटसारख्या एखाद्या भरवशाच्या माणसाचा नंबर.

यादीत १४३ नंबरला मुलीच्या नावाचं डॉट इन आहे. ते ठेवा, वर्षाला आठशे रुपये लागतात आणि ती काही गुंतवणूक नाही.