पाळ्या तीन, मग माणसे पाच का?

प्रश्न : अग्निशमन नियंत्रण कक्षात चोवीस तास एक माणूस हवा. आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे तीन माणसे पुरावीत. मग पाच पदे का मागतात?

उत्तर : तिनाचा हिशेब सुट्ट्या विसरतो. त्या खुर्चीला वर्षाचे ८,७६० तास माणूस हवा. आठवड्याला ४० तास काम करणारा कागदावर २,०८० तास देतो. रजा, आजारपण, प्रशिक्षण मिळून ४३ दिवस धरले तर ३४४ तास गेले, उरले १,७३६. भागाकार पाचाच्या किंचित वर येतो. बंबावर चार जागा असतील तर वीस माणसे, आणि त्यात जादा कुणीच नाही. गैरहजेरीचा आकडा मात्र हजेरीपटावरून घ्या. नियमात लिहिलेली रजा आणि प्रत्यक्षातली रजा क्वचितच जुळते.

प्रश्न : एकाच वर्षी निम्मे कर्मचारी निवृत्त होताहेत. आधी कळले नसते का?

उत्तर : कळले असते. जन्मतारखा सेवापुस्तकात असतातच. एकगठ्ठा केलेली भरती बहुधा एकगठ्ठाच बाहेर पडते. जाहिरात, मैदानी चाचणी, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी, प्रशिक्षण यांचे महिने निवृत्तीच्या तारखेपासून उलटे मोजा. प्रशिक्षणार्थी पटावर दिसतो, पण बंबावर चढत नाही. त्याला वेगळ्या रकान्यात ठेवा. नेमकी चूक इथेच होते. मग ओव्हरटाइम, त्यातून थकवा, आजारपणाच्या रजा आणि पुन्हा ओव्हरटाइम.