फिट सर्टिफिकेट देण्याआधी हे वाच

‘संध्याकाळ झाली की खाली गोळा आल्यासारखं लागतं. बाळ साडेपाच महिन्यांचं आहे, सोमवारी जॉइन व्हायचंय, दूध तोडू का?’ हे तुझं वाचलं आणि मला 2019 चा जून आठवला, तेव्हा बाळंतपणानंतर माझं अंग बाहेर येत होतं. ओळख नसताना अगं-तूगं करतेय, चालवून घे. मी डॉक्टर नाही, माझ्या बाबतीत जे घडलं तेवढंच सांगते.

केगलबद्दल, म्हणजे खालचे स्नायू आवळायच्या व्यायामाबद्दल, तुला आतापर्यंत दहा जणींनी सांगितलं असेल, त्यात शिरत नाही. फक्त फिजिओकडून एकदा आतून तपासून घे. मी चार महिने आवळतेय असं समजून उलट खालीच जोर देत होते.

माझी मोठी चूक मात्र कागदाची होती. मी एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या लॅबमध्ये, होते. 26 आठवड्यांची रजा संपत आली तसा ऑफिसातून फोन आला, येताना फिट सर्टिफिकेट आणा. अंग बाहेर येतंय हे माझ्या डॉक्टरांना माहीत होतं. योनीची पुढची भिंत, मूत्राशयाची बाजू, दुसरी स्टेज. तरी मीच त्यांना म्हटलं, ‘मॅडम, नुसतं फिट लिहा, उगाच ऑफिसात चर्चा नको.’ त्यांनी एक ओळ लिहून दिली. ती ओळ मला वर्षभर नडली.

पहिल्याच आठवड्यात मला डिसोल्युशनला, म्हणजे गोळी किती विरघळते ते तपासायच्या कामाला, लावलं. मशीनपाशी उभं राहून ठरल्या मिनिटाला सॅम्पल ओढायचं, एक बॅच संपली की दुसरी. शिवाय सॉल्व्हंटचं खोकं, अडीच लिटरच्या चार काचेच्या बाटल्यांचं, स्टोअरमधून आपणच उचलून आणायचं. तिसऱ्या दिवशी खोकं टेबलावर टेकवलं आणि मांड्यांमध्ये काहीतरी सुटल्यासारखं झालं. बाथरूममध्ये जाऊन हात लावला तर सोललेल्या अंड्यासारखं गुळगुळीत, ओलं काहीतरी बाहेर. वर पान्हा फुटून अॅप्रन भिजलेला. भिंतीला धरून किती वेळ उभी होते कोण जाणे.

बसायला स्टूल मागायला ऑफिसात गेले तर तिथल्यांनी फाइल उघडून तोच कागद पुढे केला. ‘तुम्हीच फिट दिलंय ना?’ बाळंतपणामुळे आजार झाला तर दाखला जोडून आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळते, मातृत्व लाभ कायद्याच्या कलम 10 मध्ये तसं होतं. मला ते कळेपर्यंत उशीर झाला होता, आणि कळल्यावर उत्तर मिळालं की फिट माणसाला आजार कुठला? सात खेपा घातल्या. प्रत्येक वेळी साहेब मीटिंगमध्ये. त्या टेबलासमोर मी उभी असायची आणि समोर रिकामी खुर्ची असूनही कुणी बस म्हणायचं नाही. अजून आठवलं की डोकं फिरतं.

म्हणून नुसतं ‘फिट’ घेऊ नकोस. ‘कामावर येऊ शकते, पण’ असं लिहून घे, आणि त्या ‘पण’पुढे आकडे हवेत. मला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलं: पाच किलोच्या वर उचलायचं नाही, दर अर्ध्या तासाने बसायचं, दुपारी पंधरा मिनिटं आडवं व्हायचं. तुझे आकडे तुझे डॉक्टर ठरवतील. आजाराचं नाव लिहायलाच हवं असं मला वाटत नाही, ‘प्रसूतीनंतरचा त्रास’ पुरतं. अर्जाची शिक्का मारलेली पोच घ्यायची.

जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टीही त्याच कायद्यात होती. मी ती फर्स्ट-एड रूममध्ये पंप करायला वापरली. एरवी बायका संडासात पंप करायच्या, ते मला पटलं नाही. पंप झाला की कमरेखाली उशी घेऊन दहा मिनिटं पडायचं, संध्याकाळचा गोळा निम्मा व्हायचा. तूही लॅबमध्ये असशील तर आधी अॅप्रन काढ, हात साबणाने धू, आणि दूध केमिकलच्या फ्रिजमध्ये चुकूनही ठेवू नकोस. आपल्याकडच्या उकाड्यात ते बाहेर ठेवू नये, बर्फाच्या पॅकची पिशवी न्यावी.

दूध तोडायचं का? माझ्या मते नाही. पाजत असताना इस्ट्रोजेन कमी असतं, त्यामुळे आतली त्वचा पातळ आणि कोरडी होते. पाजणं कमी झालं, पाळी सुरू झाली की बऱ्याच जणींना हलकं वाटतं, मलाही वाटलं. पण तेवढ्यासाठी मी तोडलं नाही. त्याऐवजी पेसरीबद्दल विचार. अंग आत धरून ठेवणारी सिलिकॉनची रिंग असते, माप घेऊन बसवतात. मी सकाळी घालायची, रात्री काढायची. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला खडा होत असेल तर डॉक्टरांना सांग, कुंथणं सगळ्यात वाईट. पायाखाली पाट घे. आणि घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी पोट घट्ट बांधू नकोस, हे माझं ठाम मत आहे, डॉक्टर वेगळं म्हणाले तर त्यांचं ऐक.

लघवी अडली, रक्त गेलं किंवा बाहेर आलेलं आत जाईना, तर इथे विचारत बसू नकोस, लगेच दवाखाना गाठ.

कागद अजून दिला नसशील तर आधी डॉक्टरांकडे जा. दिला असशील तर सांग, नंतर दुसरा दाखला जोडायचा अर्ज मी केला होता, त्याचा मजकूर देते.