भूपच की, पण गंधार कुठंय?

प्रश्न : गेल्या वर्षी तुम्ही चेन्नई, जपान, जावा असं संगीत ऐकत फिरलात म्हणे. मला एकच ठिकाण परवडेल. कान अल्लादिया खाँसाहेबांच्या, म्हणजे जयपूर घराण्याच्या गायकीवर तयार झालेला. कुठं जाऊ?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : जावाला जा, इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात. टोकियोत काबुकी या जपानी संगीतनाटकाच्या एकाच अंकाचं स्वस्त तिकीट मिळतं, पण माझं लक्ष शामिसेन हे तीन तारांचं वाद्य सोडून सारखं कपड्यांवर जायचं. चेन्नईचा डिसेंबरचा हंगाम काय, रेल्वेनंही गाठाल. दुपारच्या कित्येक मैफली फुकट, आणि सभांच्या, म्हणजे तिथल्या संगीतसंस्थांच्या, कँटीनमधलं जेवण... ते राहू दे.

योग्यकर्त्याच्या राजवाड्यात सकाळी कार्यक्रम असतात; गॅमेलनचा, म्हणजे गाँग आणि धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यवृंदाचा, दिवस आधी विचारून घ्या. त्यांच्या 'स्लेंद्रो' या स्वररचनेत पाचच सूर. आधी वाटतं, हा तर आपला पाच सुरांचा भूप रागच! पण सूर जवळजवळ समान अंतरावर बसवलेले, त्यामुळं आपला गंधार (ग) सापडतच नाही. शिवाय प्रत्येक वाद्यसंच आपल्यापुरता जुळवलेला. एकातलं वाद्य दुसऱ्यात चालत नाही. पेटीवाल्या मित्राला सोबत नेऊ नका, भांडण होईल. आपली सम आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. तिथं मोठा गाँग आवर्तन संपवताना पडतो आणि सगळं वजन त्याच्यावर. जयपूर गायकीची लय अंगात असेल तर हे उलटं गणित तुम्हाला चटकन उमगेल.

एक रात्र वायांग कुलितला द्या. चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, पहाटेपर्यंत चालतो, कथा बऱ्याचदा महाभारतातली. मध्यरात्रीच्या सुमारास विदूषक येतात, तेवढ्यात डुलकी काढू नका. नोव्हेंबर ते मार्च तिकडं पाऊस, तो टाळा.