एच-निर्देशांक ६ आणि २७ : तुलना होऊ शकते का?

प्रश्न : मी गणितात संशोधन करते. बारा वर्षांत माझे १४ शोधनिबंध प्रसिद्ध झाले असून माझा एच-निर्देशांक ६ आहे. पदोन्नतीच्या वेळी समितीने माझी माहिती रेणवीय जीवशास्त्रातील एका सहकाऱ्याच्या माहितीशेजारी ठेवली. त्यांचा निर्देशांक २७ आहे. ‘तुमचे काम फारसे पोहोचलेले दिसत नाही,’ असे मला ऐकवण्यात आले. हे आकडे असे शेजारी ठेवता येतात का?

उत्तर : नाही, आणि आपल्याला जे ऐकून घ्यावे लागले ते अन्यायाचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संदर्भ म्हणजे एखाद्या निबंधाचा दुसऱ्या निबंधात झालेला उल्लेख; आणि ज्यांतील प्रत्येकाला निदान तितकेच संदर्भ मिळाले आहेत, अशा निबंधांची सर्वांत मोठी संख्या म्हणजे एच-निर्देशांक. आपण पाठवलेल्या यादीत निबंधांना मिळालेले संदर्भ उतरत्या क्रमाने ४१, १९, १२, ९, ७, ६, ४ असे आहेत. सहाव्या निबंधाला सहा संदर्भ आहेत, सातव्याला मात्र सात नाहीत, म्हणून निर्देशांक ६ ठरतो. पहिल्या निबंधाला ४१ऐवजी ४०० संदर्भ मिळाले असते, तरी तो ६च राहिला असता. हा निर्देशांक भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ साली मांडला. त्याच निबंधात त्यांनी भौतिकशास्त्रातील सर्वोच्च निर्देशांक ११० आणि जीवशास्त्रातील १९१ असल्याचे दाखवून जीवशास्त्रातील आकडे मोठे असतात असे नोंदवले होते. समितीने ज्या मोजपट्टीचा आधार घेतला, तिच्या कर्त्यानेच हा फरक पहिल्या दिवशी लिहून ठेवला होता.

फरक पडतो तो त्या त्या क्षेत्राच्या रीतीमुळे. कुणाला मिळालेला प्रत्येक संदर्भ हा दुसऱ्या कुठल्या तरी निबंधाच्या शेवटी दिलेल्या संदर्भयादीतून आलेला असतो. गणितातील याद्या सहसा आखूड असतात, निबंध तपासून प्रसिद्ध व्हायला वर्ष-दोन वर्षे सहज लागतात, आणि एखादे प्रमेय वीस वर्षांनी कुणाच्या उपयोगी पडते. जीवशास्त्रात याद्या लांब, संशोधक पुष्कळ आणि कामाची गती मोठी, त्यामुळे संदर्भ लवकर आणि भरभर जमतात. सहलेखकांचा प्रश्नही आहेच. हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरील २०१५च्या निबंधाला ५,००० हून अधिक लेखक होते, आणि त्या निबंधाचा प्रत्येक संदर्भ त्या प्रत्येकाच्या खात्यावर पूर्ण एक म्हणून जमा होतो. गणितात एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून लिहिण्याची पद्धत आहे आणि नावे बहुधा वर्णानुक्रमे असतात, त्यामुळे पहिल्या नावाला वेगळे वजन देणेही तेथे चुकीचे ठरते.

तुलना करायचीच असेल, तर एखाद्या निबंधाच्या संदर्भांना त्याच क्षेत्रातील, त्याच वर्षीच्या आणि त्याच प्रकारच्या निबंधांच्या सरासरीने भागावे. समजा, आपल्या निबंधाला १२ संदर्भ आहेत आणि त्या वर्षीची गणितातील सरासरी ४ आहे, तर उत्तर ३ येते. सहकाऱ्याच्या निबंधाला ४५ संदर्भ आणि तेथील सरासरी ३० असेल, तर दीड. ही रीतही निर्दोष नाही, कारण एखादा फार गाजलेला निबंध सरासरी फुगवतो. पण निदान एकाच मापाने मोजले जाते. समितीकडे लेखी फेरविचार मागा आणि त्यात २०१५च्या लायडन जाहीरनाम्याचा, म्हणजे संशोधनाच्या मूल्यमापनात आकडे कसे वापरावेत याविषयी तज्ज्ञांनी मांडलेल्या तत्त्वांचा, आधार घ्या. क्षेत्रानुसार संदर्भांच्या प्रथा बदलतात हे लक्षात घ्यावे, आणि आकड्यांनी तज्ज्ञांच्या मूल्यमापनाला साथ द्यावी, असे तो सांगतो. आपले निवडक तीन निबंध गणितातील बाहेरच्या जाणकारांकडून वाचून घ्यावेत, अशी मागणीही त्याच पत्रात करा. आमच्या मते हीच मागणी सर्वांत महत्त्वाची आहे.

प्रश्न : गूगल स्कॉलर आणि स्कोपस या शोधनिबंध व त्यांचे संदर्भ नोंदवणाऱ्या संकेतस्थळांवर माझे आकडे वेगवेगळे दिसतात. अर्जात कोणता द्यावा?

उत्तर : स्कोपस प्रामुख्याने स्वतः निवडलेल्या नियतकालिकांतील, परिषदांतील आणि काही पुस्तकांतील संदर्भ मोजते, तर गूगल स्कॉलर प्रबंध, पूर्वप्रती (नियतकालिकात छापून येण्याआधी खुले केलेले निबंध) आणि आणखी बरेच साहित्य धरते, त्यामुळे तेथील आकडा बहुधा मोठा असतो. अर्जात दोन्ही आकड्यांची सरमिसळ करू नये. जो द्याल त्याच्यापुढे स्रोत आणि पाहिल्याची तारीख लिहावी, आणि स्वतःच स्वतःला दिलेले संदर्भ त्यात धरले आहेत की वगळले आहेत, तेही नमूद करावे.