झिंक ऑक्साइडच्या फिल्मचा रेझिस्टन्स पावसाळ्यात का चढतो?

सोल-जेलने (द्रावणाचा थर देऊन तो तापवून) काचेवर बसवलेल्या झिंक ऑक्साइडच्या फिल्मचा रेझिस्टन्स जुलैत तीन आठवड्यांत दहापट झाला, तर रेसिपी चुकली की फिल्म जुनी झाली, असं तुम्ही ताळगावहून विचारलंय. आधी ते तपासा. फिल्म नायट्रोजनमध्ये 200 अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवा, रात्रभर काळ्या डब्यात ठेवा, मग फोर प्रोबने (चार टोकं टेकवून रेझिस्टन्स मोजायचं उपकरण) मोजा. आकडा खाली उतरला, तर हवेतला ऑक्सिजन ग्रेनच्या (फिल्ममधल्या बारीक स्फटिकांच्या) कडांवर बसून इलेक्ट्रॉन धरून होता. मूळ आकड्याच्याही खाली गेला तरी घाबरू नका. उतरलाच नाही, तर ओल आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून पृष्ठभागावर कार्बोनेट झालं असेल. ते 200 अंशांना पुरतं जात नाही.

काळा डबा विसरू नका. ऊन पडलं की अल्ट्राव्हायोलेटमुळे तो ऑक्सिजन सुटतो, रेझिस्टन्स पडतो आणि परत चढायला तासन्‌तास घेतो. खिडकीजवळ मोजलेल्या आकड्यांची तुलना करून उपयोग नाही.

आता रेसिपी. 20 मिली टू-मेथॉक्सीइथेनॉलमध्ये 2.2 ग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट आणि 0.6 मिली मोनोइथेनॉलमाइन, म्हणजे 0.5 मोलर. (हे सॉल्व्हंट प्रजननाला घातक आहे, हातमोजे घाला, वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्येच काम करा.) 60 अंशांना दोन तास ढवळा, झाकण लावून एक दिवस मुरू द्या. काचेवर द्रावण टाकून ती स्पिनरवर 3000 आरपीएमला (मिनिटाला 3000 फेरे) 30 सेकंद फिरवा, लगेच 300 अंशांच्या हॉट प्लेटवर 10 मिनिटं. असे पाच-सहा थर झाले की 500 अंशांना एक तास. साध्या काचेला त्याहून वर नेऊ नका, ती मऊ पडते आणि तिच्यातलं सोडियम फिल्ममध्ये चढतं.

आपल्याकडे गाडी अडते ती त्या 'लगेच'वर. आषाढातल्या हवेत ओला थर मिनिटभर जरी उघडा राहिला तरी पाणी ओढून दुधाळ होतो. हॉट प्लेट स्पिनरला चिकटून ठेवा आणि डीह्युमिडिफायर लावून आर्द्रता 50 टक्क्यांखाली आणा. प्लेट 200 वरच ठेवलीत तर सेंद्रिय अवशेष राहतात, ते नंतर जळताना भोकं पडतात. भोकाळ फिल्मला हवा लागायला जागा जास्त, म्हणून तीच आधी बिघडते.

तयार फिल्म ठेवायचा डेसिकेटर (ओल शोषणारा बंद डबा) फक्त ओल अडवतो, ऑक्सिजन नाही. तो पंपाने रिकामा करा किंवा नायट्रोजन भरा. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की 120 अंशांना दोन तास तापवून परत घाला. पावसात हे आठवड्यातून एकदा तरी लागतंच.